अप्पांची सहा जणांची यादी

अप्पा घरात आले की पाणी मागायच्या आधी फोन मागत. स्वतःचा नव्हे, आमचा. वारज्याहून बसने सदाशिव पेठेत यायचे, तीन जिने चढायचे, दारात चपला काढून भिंतीला समांतर लावायचे आणि खुर्चीत टेकता टेकता हात पुढे करायचे. "दे बघू." मी फोन दिला की कपाळावरचा चष्मा खाली ओढून ते दोनच गोष्टी बघत. फोटो वर चढलेत की नाहीत, आणि शेवटचे कधी चढले. "मंगळवारपासून काही चढलेलं नाही. मंगळवारपासून तू जगलेली नाहीस असं समजायचं का?" असं म्हणत स्वतःच काय ते बटण दाबायचे, आणि मग पाणी प्यायचे.

अप्पा म्हणजे माझे थोरले दीर, मिलिंदचे मोठे भाऊ. सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांनी आठ महिने खपून काढलेला एक नकाशा आणि त्याची नक्कल, दोन्ही एकाच कपाटात राहिली आणि वाळवीने दोन्ही खाल्ली. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून पंचवीस वेळा तरी ऐकली असेन, आणि प्रत्येक वेळी शेवट तोच. "मूळ एकीकडे, नक्कल दुसरीकडे. दोन्ही एका कपाटात ठेवणारा माणूस वाळवीच्या पक्षाचा."

निवृत्त झाल्यावर त्यांचं कपाट आकाशात गेलं. एक वार्षिक योजना घेतली की घरातल्या सहा जणांना क्लाउडवर भरपूर जागा वापरता येते, असा शोध त्यांना लागला आणि पुढच्याच रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना वारज्याला जेवायला बोलावलं. जेवणाआधी तास झाला. अप्पांनी पट्टी लावून एका इमारतीचा नकाशा काढला होता. सहा खोल्या, प्रत्येकीवर एकेक नाव. अप्पा, वहिनी, त्यांचा मुलगा निखिल, मिलिंद, मी, आणि आमची मुलगी सई. "जागा सगळ्यांची मिळून, खोली ज्याची त्याची. एकाच्या खोलीतलं दुसऱ्याला दिसत नाही. मी फक्त वॉचमन. आत डोकावत नाही. पण खोली कुणाला द्यायची आणि कुणाची काढून घ्यायची, ते माझ्या हातात."

"आणि वॉचमनचा पगार?" मिलिंदने विचारलं.

"पगार नाही. पण वॉचमनला न विचारता खोली सोडायची नाही," अप्पा म्हणाले. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "वॉचमननी आधी पानं घ्यायला यावं. भात गार होतोय."

आम्ही हसायचो त्यांना. पण एकदा सईचा फोन रिक्षात राहिला, तो कायमचाच, आणि नवा फोन आणल्यावर अप्पांनी अर्ध्या तासात तिचे पाच वर्षांचे फोटो जसेच्या तसे उतरवून दिले, तेव्हा सई त्यांच्या गळ्यात पडली. अप्पांना असं कुणी गळ्यात पडलेलं चालायचं नाही. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "फोन हरवणं हा गुन्हा नाही. फोनवर विश्वास ठेवणं हा गुन्हा आहे." त्या दिवसापासून मी अप्पांवर विश्वास ठेवला. फोनवर नाही, क्लाउडवर नाही. अप्पांवर.

मिलिंद शाळेत भूगोल शिकवायचा. त्याचा तास तिसऱ्या मजल्यावर चालू असला तरी नदीची वळणं खाली शिपायाला पाठ व्हायची, इतका त्याचा आवाज मोठा. त्या आवाजालाच काहीतरी झालं. आधी घोगरा झाला, मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला बारा दिवस होते. त्या बारा दिवसांत आपण काय करायचं हे आम्हा दोघांनाही सुचत नव्हतं. अप्पांना सुचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोन उभा करायचं एक तिकाटणं आणि कॉलरला लावायचा छोटा माइक घेऊन आले. मिलिंदसमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "बोल. जे सुचेल ते बोल. आवाज ठेवून जा ऑपरेशनला."

रोज सकाळी दहाला अप्पा यायचे. घसा दुखेपर्यंत मिलिंद बोलायचा. शाळेतल्या गमती, त्याच्या आईने त्याला दिलेली शिवी, अंडाकरी कशी करायची, मला हाका. नुसत्या हाका, वेगवेगळ्या वेळच्या. डबा विसरल्यावरची, पेपर हरवल्यावरची, लाडात आल्यावरची. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. शेवटच्या दिवशी मात्र त्याने दार लावून घेतलं. सईच्या लग्नाच्या दिवसासाठी काही बोलायचं होतं, आणि ते मी त्याच दिवशी ऐकावं अशी त्याची इच्छा होती. आत तो आणि अप्पा दोघंच होते. बाहेर आल्यावर अप्पांचा चष्मा कपाळावर होता आणि डोळे लाल होते.

"मिलिंदचा फोन भरला होता, त्यातलं सगळं काढून टाकलं," अप्पांनी मला सांगितलं. "वर मिलिंदच्या खोलीत सगळं चढलंय. दोनदा तपासलं. त्याला काही झालं तर कंपनीची पत्रं माझ्या मेलवर येतील अशी व्यवस्था केली आहे. तू आता त्याची काळजी करायची नाहीस."

मी नाही केली. ऑपरेशननंतर मिलिंद तेरा महिने जगला. हातात पाटी घेऊन, खडूने बोलत. तो गेल्यावर मी त्याचा फोन बंद करून कपाटात ठेवला. त्याचा आवाज ऐकायची हिंमत होत नव्हती, पण तो आहे, हे माहीत होतं. रात्रीची भाजी नसली तरी घरात पीठ आहे हे माहीत असलं की जसं स्वस्थ वाटतं, तसं काहीसं. कधीतरी ऐकेन. सईच्या लग्नात तर नक्कीच.

मधे निखिलचं लग्न झालं, केतकी घरात आली. दीडपावणेदोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. बारशाच्या दिवशी वारज्याच्या घरात माणसंच माणसं होती. मी पेढ्यांचं ताट घेऊन गॅलरीत गेले तर अप्पा एकटेच उभे होते. त्या दिवशी मला मिलिंदची फार आठवण येत होती. मी सहज विचारलं, "अप्पा, त्यांचं सगळं आहे ना वर?"

अप्पांनी पेढा उचलला. "आहे. कुठे जातंय?" म्हणाले.

पुढच्या वर्षी सईचं लग्न ठरलं. मुलगा तिच्या बंगळुरूच्या ऑफिसातला. नोंदणी पद्धतीने लग्न आणि संध्याकाळी चाळीस माणसांचं जेवण, एवढंच. सई म्हणाली, "आई, बाबांचं जेवणाच्या आधी लावूया. मोठ्या स्पीकरवर." लग्नाला तीन आठवडे असताना एका दुपारी मी मिलिंदचा फोन कपाटातून काढला, चार्ज केला, सुरू केला. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी मला पायऱ्या लिहून दिल्या होत्या, त्याप्रमाणे त्याचं खातं उघडलं. काहीच नव्हतं. मला वाटलं मी चुकीच्या ठिकाणी शोधतेय. पुन्हा सगळं बंद करून पुन्हा उघडलं. मग वरच्या ओळीत मजकूर दिसला की ठरलेल्या मुदतीत जागा कमी न केल्यामुळे या खात्यातला मजकूर पुसण्यात आला आहे.

रिक्षा करून वारज्याला गेले. तेव्हाही मला राग आला नव्हता. उलट अप्पांना हे कळल्यावर त्यांना काय वाटेल याचीच मला धास्ती होती. हसू येतं आता.

अप्पा नातीला मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, मिलिंदच्या खोलीत काहीच दिसत नाहीये."

त्यांनी नातीला वहिनींकडे दिलं. "बस," म्हणाले. आत जाऊन लॅपटॉप घेऊन आले, मेल उघडली आणि पडदा माझ्याकडे वळवला. "वाच."

चार पत्रं होती. चारही उघडलेली. पहिल्यात लिहिलं होतं की मिलिंदचं खातं आता कुटुंबाच्या योजनेत नाही, फुकटच्या जागेत त्याचं सामान मावत नाही, दोन वर्षांत काही केलं नाही तर ते पुसलं जाईल. पुढची तीन पत्रं आठवणीची, शेवटचं मुदत संपायच्या महिनाभर आधीचं. अप्पांनी एकही पत्र पुसलं नव्हतं. पत्रांना त्यांनी वेगळा कप्पा करून ठेवला होता.

"योजनेत नाही म्हणजे?"

"निखिलचं लग्न झालं. केतकीचा फोन भरला होता. जागा सहाच. एक नाव काढावं लागलं."

"आणि तुम्ही मिलिंदचं काढलंत."

"हो."

वहिनी नातीला घेऊन दारात उभ्या होत्या. "अहो, म्हणजे काय? तिला सांगितलं नव्हतंत?" त्यांचा आवाज इतका चढला की मूल रडायला लागलं.

"सांगणार होतो. आधी सगळं उतरवून घेणार होतो, मग सांगणार होतो." अप्पांनी खण ओढून एक डिस्क बाहेर काढली. तिच्या खोक्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. "खोली उघडली की पहिल्या फाइलवर त्याचं तोंड दिसायचं. बोलायच्या बेतात असल्यासारखं. मी बंद करायचो. उद्या करू म्हणायचो."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"बारशाला मी विचारलं होतं तुम्हाला. इथल्याच गॅलरीत. तेव्हा होतं ना?"

मी पत्रांवरच्या तारखा बघून बोटांवर हिशेब केला. "तीन महिने हातात होते, अप्पा. तेव्हा नुसतं खरं बोलला असतात तरी मी त्याच दिवशी कुणाला तरी बसवून सगळं उतरवून घेतलं असतं. समोर उभी राहून मी विचारलं, आणि तुम्ही पेढा खाल्लात."

"तेव्हा सांगायचं म्हणजे आधीचं वर्ष, दीड वर्ष सगळंच सांगावं लागलं असतं," अप्पा म्हणाले. "ते जमलं नाही."

कंपनीला त्यांनी लिहून पाहिलं होतं. नियमानुसार गेलं ते गेलं, असं उत्तर आलं होतं. तेही त्यांनी दाखवलं. मी उठले. दारात मी म्हटलं, "सईच्या लग्नाला येऊ नका." वहिनी जिन्यापर्यंत मागे आल्या. अप्पा जागचे हलले नाहीत.

परक्याने फसवलं असतं तर चार लोकांना सांगता आलं असतं. पण मला फसवणाऱ्या माणसानेच माझ्या नवऱ्याचा आवाज साठवायची कल्पना काढली होती, रोज दोन बस बदलून तो त्यासाठी आला होता. चोर म्हणावं तर काही चोरलं नव्हतं. निष्काळजी म्हणावं, तर त्यांच्या घरात रेशनकार्डाच्यासुद्धा तीन नकला होत्या. त्या दिवसांत माझी चिडचिड अशी व्हायची की ऑफिसात कुणी "सेव्ह केलंय मॅडम" म्हटलं तरी मी दोनदा उघडून बघायची. घरच्या योजनेतून मी स्वतःच बाहेर पडले. बाहेर पडताना पडद्यावर विचारणा आली की तुम्हाला खात्री आहे का. होती.

सईला फोनवर सांगितलं. मग तिने विचारलं, "पण आई, बाबा त्यात काय म्हणाले होते?"

"मला माहीत नाही गं. दार लावलेलं होतं."

"मग कुणाला माहीत आहे?"

उत्तर एकच होतं आणि ते मला द्यायचं नव्हतं. सईने माझ्यासाठी थांबायचं कारण नव्हतं. तिने परस्पर अप्पांना फोन केला.

लग्नाच्या आदल्या सकाळी दहा वाजता अप्पा आले. या वेळी त्यांनी हात पुढे केला नाही. कपडे स्वच्छ, इस्त्रीचे, पण दाढी करताना गालावर दोन ठिकाणी कापलेलं. सई त्यांच्यासमोर खाली बसली. मी खिडकीपाशी उभी राहिले. जावं की थांबावं हे मला ठरवता येत नव्हतं, म्हणून थांबले.

अप्पांनी घसा साफ केला. "तीन मिनिटांच्या आसपास होतं," म्हणाले. "मला सुरुवात आठवते आणि शेवट आठवतो. मधलं आठवत नाही. प्रयत्न केला, जमलं नाही. आणि जे आठवत नाही ते मी बनवून सांगणार नाही. चालेल?"

सईने मान हलवली.

"तो म्हणाला, सई, आज तू इतकी सजलेली असशील की मला तू ओळखू येणार नाहीस. म्हणून मी आधी तुझ्या पायांकडे बघेन. डाव्या पायाचा अंगठा आत वळलेला दिसला की म्हणेन, हीच आमची." अप्पा थांबले. सईने पाय साडीखाली घेतले. "मग पुढे तो तुझ्या आईबद्दल काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. ते आठवत नाही."

मी खिडकीचा गज धरला.

"शेवटी म्हणाला, लग्नात रडू नकोस असं मी सांगणार नाही. रड. पण आधी जेव. उपाशी रडलं की डोकं दुखतं. एवढं बोलून तो हसला, आणि मी बंद केलं."

सई उठून आत गेली. दाराआडून तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला. खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी त्यांना चहा विचारला नाही. माझ्या लग्नानंतर अप्पा या घरातून चहा न घेता कधी गेले नव्हते.

"तुम्हाला जागा हवी होती तर मला विचारायचं होतं," मी म्हटलं. "मी म्हटलं असतं, माझं नाव काढा, त्यांचं राहू द्या. एका मिनिटाचं काम होतं."

"माहीत होतं," अप्पा म्हणाले. "तू तेच म्हणाली असतीस. म्हणूनच विचारलं नाही."

"म्हणजे?"

"भाऊ जाऊन वर्ष झालं नाही, आणि भावजयीचं नाव घरातून काढलं. कसं दिसलं असतं?"

"कुणाला? त्या यादीत कोण बघायला येणार होतं, अप्पा?"

त्यांनी चष्मा काढला, धोतरासारख्या लांब रुमालाने पुसला, पुन्हा घातला. "मी," ते म्हणाले. "मी बघतो ती यादी. दर महिन्याला."

ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "उद्या येत नाही मी. तू म्हणाली होतीस तेच बरोबर आहे." आणि जिना उतरून गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

लग्नात मोठा स्पीकर आणलाच नाही. जेवणाआधी सई उभी राहिली आणि अप्पांनी सांगितलेलं तिने आपल्या आवाजात सांगितलं. अंगठ्याच्या वाक्याला सगळे हसले. वहिनी शेवटच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची खुर्ची निखिलने रिकामी ठेवली होती.

अप्पा त्याच हिवाळ्यात गेले. आंघोळीला गेले आणि तिथेच. मी वारज्याला गेले, त्यांच्या पाया पडले. वहिनी म्हणाल्या, "सुमेधा, मनात काही ठेवू नकोस गं आता." मी त्यांचा हात हातात घेतला, पण हो म्हटलं नाही. खोटं एकदा बोलून काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

सईने त्या सकाळी, रडून झाल्यावर, अप्पा म्हणाले ते सगळं एका कागदावर लिहून काढलं होतं. तो कागद तिने लग्नानंतर माझ्याकडे ठेवायला दिला. वर चार ओळी आहेत, खाली तीन ओळी आहेत. मधे तिने वीतभर जागा कोरी सोडली आहे, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं आहे : इथे आईबद्दल.